माणूस पोहोचेपर्यंत

बाईंना त्या दुपारी एकच काम होतं. शाळेने दिलेल्या घराची किल्ली घ्यायची आणि आडवं व्हायचं. परक्या देशात नुकत्याच उतरलेल्या, प्रवासाने अंग आंबलेलं. शाळेच्या मागच्या गल्लीत शिक्षकांची जुनी इमारत होती. बाई टॅक्सीतून उतरल्या तेव्हा फाटकातून दुसरी टॅक्सी बाहेर पडत होती. मागच्या काचेत राखाडी लोकरीची टोपी दिसली, एक हात हलला. ओळख ना पाळख, तरी बाईंनीही हात हलवला.

"आधीच्या मॅडम त्या," जिन्यापाशी उभा असलेला म्हातारा रखवालदार म्हणाला. "नोकरी सोडून गावी निघाल्या. तुम्हाला त्यांच्याच खोल्या दिल्यात." त्याच्या एका हातात किल्ली होती, दुसऱ्यात लांब दांड्याचा झाडू. "जरा थांबा, बाई. आधी झाडून घेतो."

"अहो काका, आत्ता नको!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "माणूस आत्ता कुठे उंबऱ्याबाहेर पडलंय. पोहोचल्याचं कळू दे, मग झाडू."

आता ही बाईंच्या माहेरची शिस्त. कोणी गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही. पाठोपाठ घर झाडतात ते माणूस परत येणार नसतं तेव्हा. बाई गणित शिकवणाऱ्या, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून खो खो हसणाऱ्या. पण लहानपणी अंगात मुरलेलं कुठे जातंय?

"या इमारतीत मी लगेच झाडतो," रखवालदार हळूच म्हणाला. "त्यातच बरं असतं."

"आजचा दिवस राहू द्या."

"तुमची मर्जी." त्याने वर येऊन दार उघडून दिलं, झाडू आणि केर भरायची सुपली दारामागे ठेवली आणि किल्ली देऊन तो खाली निघून गेला.

बाईंनी आधी घरी फोन लावला. "पोहोचलीस ना? सुटले गं बाई!" आई म्हणाली. "आता झाडू हातात घेते. तू निघाल्यापासून घराचा नुसता उकिरडा झालाय." मग फोन ठकीने ओढून घेतला. ठकी म्हणजे बाईंची सहा वर्षांची लेक. बाप देवाघरी गेलेला, आणि आजीच्या गुडघ्यांना आता पोरीमागे धावणं झेपत नव्हतं. पहिलं सत्र नीट पार पडलं की शाळा बाईंना कायम करणार होती, आणि कायम झाल्या की लेकीला आणायची परवानगी. त्यासाठीच तर पोटच्या पोरीला सोडून बाई एवढ्या लांब आल्या होत्या.

"आई, मला न्यायला तू येणार ना? तूच?"

"मीच येणार. सुट्टी लागली की निघालेच बघ."

घर तसं छान होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आरामखुर्ची, आत पलंग, पलीकडे चिंचोळं स्वयंपाकघर. खुर्चीखाली लोकरीचे तुकडे पडले होते, टेबलाखाली पेन्सिलीची टरफलं, कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा गुंता. सगळीकडे निलगिरीच्या तेलाचा वास होता. मॅडमना सर्दीचा त्रास असणार, बाईंच्या मनात आलं. त्यांनी आतली खोली पुसून घेतली आणि बाहेरचा केर तसाच राहू दिला.

शाळेत दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यांना सतावलं, हे सांगायला नकोच. नवी बाई म्हटली की मुलं जोखून बघणारच. कुणी खडू लपवला, कुणी बाईंच्या उच्चारांची नक्कल केली. बाईंनीही मग आपलीच नक्कल करून दाखवली, तेव्हा वर्ग हसला आणि अपूर्णांकांना लागला. मधल्या सुट्टीत त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारलं, "मॅडम पोहोचल्या का हो सुखरूप?" मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. "कळवते तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

त्या दुपारी घरी आल्यावर बाईंना खुर्ची खिडकीकडे वळलेली दिसली. आपणच वळवली असेल, म्हणून त्यांनी ती सरळ केली. चहा टाकला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी पायपुसण्यावर बूट पुसू लागलं. सावकाश, आधी एक, मग दुसरा. मग कुलपाच्या भोकाशी किल्ली खुटखुटली. बाईंनी जाऊन दार उघडलं. कोणी नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पायपुसणं मात्र ओलं होतं.

शनिवार-रविवारही हेच. चारचा सुमार झाला की पावलं, बूट, किल्ली. सोमवारी बाई शाळेतून आल्या तर खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळलेली. तिच्या गादीला हात लावला, तर ती उबदार होती.

मंगळवारी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. सगळ्यांचे कप हातातच राहिले.

"तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?" चित्रकलेचे सर खालच्या आवाजात म्हणाले. "त्या दिवशी... त्यांच्या टॅक्सीला ट्रकने उडवलं. पुलावरच. स्टेशनपर्यंतसुद्धा पोहोचल्या नाहीत हो..."

बाई शाळेतून परतल्या तेव्हा रखवालदार फाटकाशी बसला होता. त्याने वर न बघताच विचारलं, "झाडलंत का?"

"नाही..."

"मग येणारच त्या. रोज जिन्यात दिसतात. पर्समध्ये किल्ली शोधत असतात." त्याने बसल्या बसल्या फाटक ओढून घेतलं. "आपण गेलोय हे त्यांना कुठे ठाऊक, बाई? घर अजून त्यांचंच आहे की."

बाईंना भीती वाटली, पण त्याहून जास्त कणव आली. हात हलवणारी ती बाई डोळ्यांपुढून जाईना. पण ठकीला याच खोल्यांमध्ये राहायचं होतं, याच खुर्चीत बसून पाढे म्हणायचे होते. बाईंनी पदर खोचला आणि झाडू उचलला. खिडकीपासून दारापर्यंत, कोपरा न कोपरा. लोकर, टरफलं, केस, सगळं सुपलीत आलं. दाराशी पोहोचतात तोच बाहेर बूट पुसल्याचा आवाज झाला.

"मॅडम," बाई दाराला तोंड लावून म्हणाल्या, "आता निघा तुम्ही... इथे तुमचं काही राहिलेलं नाही."

आवाज थांबला. बाईंनी दार उघडलं, सुपली उंबऱ्यावर दोनदा आपटली आणि केर बाहेरच्या डब्यात ओतला. निलगिरीचा वास गेला. त्या रात्री बाई खूप रडल्या, पण झोपही गाढ लागली.

त्यानंतर काही म्हणता काही झालं नाही. सत्र पार पडलं. मुलं बाईंची झाली, परीक्षेचे निकाल लागले, आणि शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी स्वतः येऊन कायम केल्याचं सांगितलं. बाईंनी ठकीसाठी खिडकीशी छोटं टेबल मांडलं, बॅग भरली.

निघायच्या सकाळी त्यांनी घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि जिना उतरायला लागल्या. खाली टॅक्सी उभी होती. टॅक्सीशेजारी रखवालदार होता, झाडूच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून.

बाई मधल्या वळणावर आल्या आणि थबकल्या. वर, त्यांच्या कुलूपबंद घरात, कोणीतरी झाडत होतं. अगदी सावकाश. खिडकीकडून दाराकडे. निलगिरीचा वास जिन्यात उतरला.

"काका... वर कोण आहे?"

रखवालदाराने मान वर केली. त्याचा चेहरा पडला होता. "मी तर खालीच आहे, बाई..."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. हातातला फोन वाजला. ठकी होती.

"आई, निघालीस का गं?"

वरचा झाडू थांबला, कडी सरकली, आणि उंबऱ्यावर सुपली दोनदा आपटली.