मागच्या खोलीतली सही

ब्रॉक्टनमधल्या आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. बँकेने जप्त केलेलं घर आम्ही विकत घेतो आणि त्यात राहणाऱ्यांनाच पेलतील अशा हप्त्यांवर परत देतो. करायला मात्र ते महाकठीण. बँकेला कागद लागतात, आणि पाठवलेले कागद बँकच हरवते.

डोमिंगास तावारिसचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं होतं, हे तरी सुरळीत होईल. इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबणारी डोमिंगास, पाठ धरून घरी बसलेला तिचा नवरा आर्लिंदो आणि मोठी झालेली मुलगी सेलेस्ते. तीन माणसं, तीन अर्ज. आमची दोन्ही कुटुंबं मूळची दूरच्या फोगो बेटावरची, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून ओळखते; डोमिंगासला तिया, म्हणजे मावशी, म्हणते.

बँकेचं पत्र आलं: घरात चार प्रौढ व्यक्ती, सह्या तीनच.

मी फोन लावला. पाऊण तास तीच एक धून कानात वाजत राहिली. मग एक मुलगी म्हणाली, "पाहणीच्या अहवालात चार आहेत, मॅडम."

"मग पाहणी करणाऱ्याला मोजायला शिकवा."

त्यांनी त्याला पुन्हा पाठवलं. पुन्हा चार. या वेळी तपशीलही होता: मागच्या खोलीत एक वयस्कर गृहस्थ, नाव सांगत नाहीत.

"पाहुणा वगैरे लपवलाय का?" मी आर्लिंदोला विचारलं.

"मागच्या खोलीत शिवणाचं मशीन आणि माझी मोडकी खुर्ची आहे. पाहुण्याला काय मशीनवर झोपवू?"

तिसऱ्या पाहणीला मी स्वतः हजर राहिले. केलिहर नावाचा नीटनेटका माणूस आला, पायपुसण्याला बूट पुसून आत शिरला. शेगडीवर कचुपा शिजत होता, घरभर मका-घेवड्याचा वास. मागच्या खोलीच्या दाराशी त्याने टोपी काढली. "गुड आफ्टरनून, सर," म्हणाला. उत्तर ऐकायला लागेल तेवढाच वेळ थांबला. मग मान हलवून लिहू लागला.

मी आत पाहिलं. मशीन, खुर्ची, खिडकीतून आलेलं ऊन.

"कोणाशी बोलताय तुम्ही?"

त्याला माझी लाज वाटली असावी. खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांच्यासमोर असं विचारू नका हो."

तो गेल्यावर डोमिंगासने विचारलं, "अगं इवोन, पिऊन आला होता का मेला?"

"वास तरी आला नाही, तिया."

ती कचुपा ढवळत राहिली. मग म्हणाली, "मी थंडीपासून त्या मशीनवर बसलेच नाहीये. टाके चुकतात. वाटतं, कोणीतरी खांद्यावरून बघतंय."

"आता तू सुरू करू नकोस!"

शुक्रवारी घराचा लिलाव होता; त्याआधी मंजुरी आली नाही तर घर गेलंच. बँकेचं एकच पालुपद: चौथी सही आणा. गुरुवारी दुपारी माझं डोकं फिरलं. कोरा अर्ज मशीनवर आपटला, वर उघडं पेन ठेवलं आणि रिकाम्या खोलीला म्हटलं, "घ्या! तुम्हीही राहा. पण सही करा एकदाची!"

सेलेस्ते हसून बेजार झाली. आम्ही चौघं जेवायला बसलो. टेबलावरून कोणीच उठलं नाही.

निघताना मी मागच्या खोलीत डोकावले. पेनाला टोपण लावलेलं होतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर सही होती, जुन्या वळणाची, लांब शेपटीची. नाव लागत नव्हतं.

सेलेस्ते हसायची थांबली.

शुक्रवार उद्यावर आला होता. चारही अर्ज पाकिटात घातले आणि स्वतः नेऊन दिले.

मंजुरी त्याच संध्याकाळी आली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कागदांच्या प्रती सोमवारी मिळाल्या. चौथ्या अर्जाचं पहिलं पान मी तेव्हा प्रथमच वाचलं. विक्रीनंतर या घरात किती माणसं राहतील, असा प्रश्न होता. बाकी तिन्ही अर्जांवर मीच 'तीन' लिहिलं होतं.

इथे त्याच जुन्या वळणात 'एक' लिहिलेलं होतं. शेजारी बँकेचा शिक्का: तपासले, बरोबर आहे.