तारखेची रिकामी जागा

दवाखान्याच्या लिफ्टचं दार उघडलं आणि एक काळी पेटी थेट माझ्या गुडघ्यावर आदळली.

"माफ करा हं! लागलं का?"

"लागलं," मी म्हटलं. "पेटीत काय, दगड भरलेत?"

"तुमच्याच बॅकअपच्या टेपा. दगड परवडले, ते हरवले तर कोणी ओरडत नाही."

तो आमचा पेटीवाला. मी कॉम्प्युटर विभागात तेव्हा नवीन होते. त्यानंतर वर्षभर रोज साडेदहाला तो यायचा आणि रुग्णांच्या तपासण्या साठवलेल्या टेपा दूरच्या कोठारात नेऊन ठेवायचा. मी सही करायची, तो म्हणायचा, "अक्षर म्हणजे डॉक्टरांचंच!" मी त्याचं पेन परत द्यायचे नाही... बस, एवढंच. एवढ्यावर माझा दिवस छान जायचा.

मग नवं यंत्र आलं. त्यातल्या टेपा खऱ्या नव्हत्याच — सगळं डिस्कवर, पडद्यावर नुसती टेपांची यादी. जुन्या टेपांवरचंही सगळं त्यातच उतरवलं. वाहून न्यायला काही उरलं नाही. शेवटच्या दिवशी त्याने फॉर्म पुढे केला. जुन्या टेपा नष्ट करायला मंजुरी. मी सही केली, पण तारखेची जागा रिकामी ठेवली. मुद्दाम. तारीख नसली की फॉर्म परत येतो... आणि फॉर्मबरोबर तोही.

तीन आठवडे झाले, तो फिरकला नाही. तारीख त्यानेच टाकली असणार. चांगली जिरली माझी.

मग एका सोमवारी सकाळी मुख्य सर्व्हर बंद पडला. दोन वाजता एका बाईंची शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरांना त्यांचे पाच वर्षांपूर्वीचे मेंदूचे स्कॅन हवे होते. "नव्या यंत्रातून काढते," मी ऐटीत म्हटलं, यादी उघडली, तर त्या स्कॅनच्या ओळीत गेल्या आठवड्याचा बॅकअप होता. 'पुन्हा वापरा' ही खूण मी आदल्या आठवड्यात चुकून भलत्याच ओळींना केली होती. खऱ्या टेपेला एक चिमुकली खिटी असते. ती सरकवली की तिच्यावर काही लिहिता येत नाही. इथे खिटीच नव्हती. यंत्राने मुकाट्याने जुन्यावर नवं लिहून टाकलं होतं.

 बाहेर बाकावर त्या बाईंचा नवरा त्यांची पर्स मांडीवर धरून बसला होता. बाईंचं काही बरंवाईट झालं तर... माझ्यामुळे? मी पेटीवाल्याला फोन लावला.

"त्या जुन्या टेपा..." मी म्हटलं. "नष्ट केल्यात?"

पलीकडून नुसतं, "आलोच."

आलोच म्हणजे काय? आहेत की नाहीत? चाळीस मिनिटं मी दाराकडे बघत बसले. तो आला तेव्हा घामाघूम होता, आणि हातात पेटी होती.

कोपऱ्यातलं जुनं यंत्र अजून भंगारात गेलं नव्हतं. त्याने टेप घातली. घरघर झाली... आणि थांबली.

"गेलं सगळं," मी पुटपुटले.

"थांबा हो. म्हातारं आहे, दम खातंय."

पुन्हा घरघर. पडद्यावर स्कॅन उमटले. ते डॉक्टरांकडे पोचल्याचा फोन आला तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

"नष्ट का नाही केल्या?" मी डोळे पुसत विचारलं.

त्याने खिशातून चार घड्यांचा फॉर्म काढला. "तारीख नव्हती. तारखेशिवाय आम्ही टेपेला हात लावत नाही."

"मग फॉर्म परत का नाही आणलात?"

त्याचे कान लाल झाले. "इथे यायला हे एकच निमित्त होतं. वापरलं असतं तर... संपलं असतं."

मला पुन्हा भीती वाटली. ही भीती मात्र वेगळीच होती.

"वेंधळ्याच आहात," तो हसत म्हणाला. "एवढी तारीख विसरलात!"

"विसरले नव्हते," मी म्हटलं.