चालायला लागणारी चार मिनिटं

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. बाबा जेवणाच्या टेबलावर गाड्यांचा आलेख पसरून बसले होते. आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. ते रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण उपनगरी मार्ग दुहेरी करायचं ठरल्यावर कचेरीने त्यांनाच बोलावलं. त्या मार्गावरची प्रत्येक गाडी कुठे आणि का रखडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

समोर त्या कामावरचा इंजिनिअर बसला होता. बाबा त्याला मोजपट्टी म्हणायचे, तोंडावरच.

मोजपट्टी आमच्या घरात आला तो माझ्या चुकलेल्या गाडीमुळे. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी बसमधून उतरून धापा टाकत फलाटावर पोचले, तर गाडीचा शेवटचा डबा निघालेला. शेजारी एक उंच माणूस हातातल्या घड्याळाकडे बघून वहीत काहीतरी लिहीत होता.

"बत्तीस सेकंदांनी चुकली तुमची," तो म्हणाला.

"सात वर्षं चुकतेय," मी म्हणाले. "आज कुणीतरी मोजलं, एवढंच."

तो हसला... आणि ती पुढची गाडी येईपर्यंतची वीस मिनिटं मला पहिल्यांदाच कमी वाटली. बाबांचं नाव कळल्यावर तर तो वही मिटून सरळ उभाच राहिला. त्याच संध्याकाळी घरी हजर.

आमच्या स्टेशनात बस आणि गाडी म्हणजे एका घरातल्या सासू-सुना. दोघी नांदायच्या, पण बोलायच्या नाहीत. आता शेजारी दुसरा रूळ पडत होता, फलाट डब्याच्या दारापर्यंत उंच होत होता, बसथांबा बाजाराच्या बोळातून स्टेशनच्या फाटकाशी येणार होता. राहिला होता एकच आकडा. बसमधून उतरलेल्या माणसाला गाडीत बसायला किती वेळ लागतो? मोजपट्टीने स्वतः चालून दीड मिनिट काढलं होतं.

बाबांनी चष्म्यावरून त्याच्या पायांकडे पाहिलं. म्हणाले, गाडीत गुडघेदुखीवालेही बसतात. मग माझ्याकडे मान वळवून, "हिला घेऊन जा. ही पुस्तक वाचत चालते."

वाचनालयात नोकरी करते म्हणून माणूस चालताना वाचतो असं नाही. पण मी गेले. चौदा संध्याकाळी, हातात दोन भरलेल्या पिशव्या घेऊन, थांबा ते फलाट. ओल्या सिमेंटचा वास, नव्या खडीचा पायाखाली आवाज... तो आधी घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग नुसताच माझ्याकडे. पहिल्या दिवशी सव्वादोन मिनिटं लागली. आठव्या दिवशी तीन. शेवटच्या बुधवारी चार.

त्या बुधवारी फलाटाच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्याने विचारलं. त्याच्या पुढच्या टप्प्याचं काम दोन वर्षांचं, लांबच्या गावी होतं, तिथेच राहावं लागणार होतं. महिनाअखेरपर्यंत होकार द्यायचा होता. "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का... हे कळलं, तर तिकडे जायचं की नाही ते ठरवता येईल."

मी गेले तर बाबा घरात एकटे पडणार. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य... माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं. मी म्हणाले, "बस आली वाटतं."

गुरुवारी बाबांनी त्याच्या कागदावर बोट फिरवलं. सव्वादोन, तीन, चार. मोजपट्टी ताणली गेलेली दिसते, म्हणाले. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आकडा खोडतील. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि आलेखावर बस आल्यापासून चार मिनिटं धरून गाडीची रेघ ओढली.

तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्याने काही विचारलंय ना तुला?"

"तुमच्या गोळ्यांची वेळ झाली," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. मोजपट्टी रोज येऊन कपबशा विसळून जायचा. त्याने उत्तर मागितलं नाही. मी दिलं नाही. महिनाअखेरीला त्याने पुढच्या कामाला होकार कळवला. मग एकदा ओट्याशी पाठमोरा उभा राहून तो म्हणाला की चार मिनिटं खोटी आहेत, आपण रमतगमत चाललो होतो, आणि हे कचेरीत सांगायला हवं. आपलं गुपित साहेबांपुढे मांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कचेरीने पुन्हा मोजलं, या वेळी गावातली खरी माणसं चालवून. काठी टेकत येणाऱ्या एका निवृत्त बाईंना तीन मिनिटं पन्नास सेकंद लागली. बाबांची रेघ होती तिथेच राहिली.

दुहेरी मार्ग सुरू झाला त्या सकाळी पहिल्या बसमध्ये आम्ही दोघंही होतो. त्याच्याजवळ दोन वर्षांच्या सामानाची मोठी बॅग होती. दार उघडलं आणि सवयीने सगळी माणसं पळाली. दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं की गाडी अजून यायचीय. भाजीवालीने टोपली खाली ठेवून फलाटावरच्या घड्याळाकडे संशयाने पाहिलं. एकाने पदपथावर वाकून बुटाची नाडी बांधली. सात वर्षांत मी त्या स्टेशनात सकाळच्या गाडीसाठी कुणाला चालताना पाहिलं नव्हतं. एका माणसाने पेन्सिलीने एवढं करून ठेवलं होतं.

फलाटावर आम्ही उभे राहिलो. गाडी दिसू लागली. त्याने बॅग उचलली, म्हणाला, "येतो."

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. भाजीवालीनेही वळून पाहिलं. "माझं उत्तर हो होतं. पायरीवर उभे होतो तेव्हाही हो होतं. बाबांनी विचारलं तेव्हा त्यांना सांगायचं होतं, सांगितलं नाही. तुम्ही जा, काम करा, दर रविवारी मी येईन. मला तुम्ही आवडता. आणि... बाबांशिवाय मला त्या घरात राहवत नाही हो."