तळाशी गरम, वर कोमट

पातेल्याच्या पडद्यावर पासष्ट अंश दिसत होते आणि नाचणी काही गोड व्हायला तयार नव्हती.

"आप्पा, अजून पिठाळच लागतंय," मी चमचा चाटत म्हटलं.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. जन्मभर उष्णतेचा अभ्यास केलेला माणूस, पण आज विजेच्या एका पातेल्यानं त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मंगळावर गेलेली माझी आई तीन वर्षांनी आमच्या चंद्रवस्तीत परतणार होती. तिनं एकच गोष्ट मागितली होती, घरची नाचणीची बिअर. ती आंबून तयार व्हायला दोन आठवडे लागतात, आणि आईचं यानही तेवढ्याच अंतरावर होतं. आईनं जाताना ठेवलेलं सगळं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आम्ही पातेल्यात ओतून बसलो होतो. काचघरातली नवी नाचणी अजून हिरवीच होती.

बिअर मोठ्यांची. पण आंबण्याआधीचं गोड पाणी माझं असायचं. आई ते वाटीत घेऊन फुंकर घालून द्यायची. खरं सांगते, मला वाटीपेक्षा ती फुंकर हवी होती.

"क्रमानं जाऊ," आप्पा म्हणाले.

वीज येत होती. कॉइलचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजला, तो बरोबर. कॉइलवर पीठ करपून थर बसला, तर उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून चमच्यानं चाचपून पाहिलं, तर कॉइल स्वच्छ. सेन्सरजवळ दुसरा तापमापक धरला, तोही पासष्टच म्हणाला.

"मग वाढवतो पंच्याऐंशीपर्यंत!" आप्पा वैतागले.

"आप्पा, थांबा! विकरं (पिठाची साखर करणारे पदार्थ) मरतील ना! तुम्हीच शिकवलंत."

मी त्यांना अडवायला पुढे झाले आणि माझा हात पातेल्याला वरच्या बाजूनं लागला. चटका बसायला हवा होता. पातेलं कोमट होतं.

तापमापक वर धरला. जेमतेम चाळीस! सेन्सर खोटं बोलत नव्हता, पण तो तळाशी कॉइलच्या शेजारी बसून फक्त तिथलंच सांगत होता.

आप्पांनी कपाळावर हात मारला. "पृथ्वीवर तळाचं पाणी तापून हलकं होतं, वर जातं. वरचं गार पाणी जड, ते खाली येतं. याला अभिसरण (पाण्याचं आपोआप फिरणं) म्हणतात. इथे चंद्रावर सगळ्याचं वजन सहावा हिस्सा, म्हणून हे फिरणं मंदावतं. त्यात ही दाट पेज! तळ तापला की सेन्सर म्हणतो झालं, आणि कॉइल बंद. पण मग तुझ्या आईचं कसं जमायचं गं?"

मला एकदम आई दिसली. पातेल्यापाशी उभी, गावच्या नदीच्या गोष्टी सांगत, लांब दांड्याचा लाकडी डाव सारखा फिरवत. "तुझ्या हाताला चैन म्हणून नाही," असं आप्पा तिला चिडवायचे. तिचे कष्ट वाचावेत म्हणून ती गेल्यावर त्यांनीच हे झाकणाचं, न ढवळायचं पातेलं बनवलं होतं.

"ती ढवळायची, आप्पा."

आप्पांनी खुंटीवरचा डाव काढून माझ्या हातात दिला.

मी ढवळत राहिले. कॉइल पुन्हा सुरू झाली, वरचा तापमापक हळूहळू चढला, पासष्टला पोचला. बऱ्याच वेळानं मी चमचा तोंडात घातला. गोड! अगदी तेच गोड. मला रडू आलं.

"ढवळायला मोटर बसवून देतो," आप्पा म्हणाले.

"आधी आई येऊ दे, मग बसवा."

ती गेली तेव्हा हा डाव धरायला मला स्टुलावर चढावं लागायचं. आता जमिनीवर उभं राहूनही माझ्या हातून तो तळापर्यंत पोचतो. आईला हे अजून माहीत नाही.