आठ पावलांची फळी

"चिकटपट्टीचं टोक पहिल्या झटक्यात सापडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही," कोणीतरी माझ्या कानात पुटपुटलं. "खोकी भरा म्हणे. टोक कोण शोधून देणार? यांचा काका?"

कोणीतरी म्हणजे शंकासुर. तो माझ्यापासून चार हातांवर, पाठमोरा, जमिनीवर फतकल मारून खोकं बंद करत बसला होता. माईक चालू होता आणि हेडफोन माझ्या कानांवर होते, त्यामुळे त्याची कुरकुर थेट माझ्या डोक्यात येऊन बसली होती.

"ऐकू येतंय मला," मी म्हटलं.

"घ्या! म्हणजे माणसाने स्वतःशी बोलायचीही चोरी."

"शुक्रवारपर्यंतच. नंतर बोल खुशाल."

एरवी त्याने याची सव्याज परतफेड केली असती. त्या सोमवारी त्याने नुसती चिकटपट्टी दातांनी तोडली.

आमचा व्हिडिओ गेमचा स्टुडिओ शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होता. दुमजली इमारत, तीस माणसं, एक कायम गळणारा कॉफीचा यंत्रोबा. वर्षभरापूर्वी आम्हाला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं होतं. त्या नव्या मालकाचं पत्र दोन पानी होतं. त्यात 'पुढचा टप्पा' हे शब्द तीनदा होते आणि 'बंद' हा शब्द एकदाही नव्हता. आम्ही तरी कुठे बोलत होतो? 'शुक्रवारनंतर' म्हणायचो आणि खोकी भरायचो.

आमच्या गेममध्ये मारामारी नव्हती, जिंकणं-हरणंही नव्हतं. डोंगरावरचं एक गाव होतं आणि खेळणारा तिथला पोस्टमन. घरोघर पत्रं पोचवायची, एवढंच. लोकांनी या गावावर वेड्यासारखं प्रेम केलं. एकीने आम्हाला लिहिलं होतं, की आई गेल्यावर सहा महिने ती रोज एकच पत्र पोचवायची आणि मग गावातल्या बाकावर बसून लोकांच्या पावलांचे आवाज ऐकायची.

ती पावलं म्हणजे माझं काम. सोळा वर्षांपूर्वी मी इथे आवाजाच्या खोलीचे पडदे शिवायला आले होते. जाड कापड फरशीवरून ओढत नेताना दादांनी ऐकलं आणि विचारलं, "हा आवाज पुन्हा काढशील? आम्हाला एका जहाजाच्या गेमसाठी शिडाचा हवाय." पडदे लागले, मी राहिले. दादा म्हणजे ज्यांनी स्टुडिओ उभा केला ते. बाकी सगळं मी चुकतमाकत, लोकांचं डोकं खाऊन शिकले.

मग आमची पहिली स्वागतिका नोकरी सोडून निघाली, तेव्हा दादा म्हणाले, "हिच्या चपलांचा आवाज गेला तर मजला ओस पडेल गं. घेऊन ठेव." तिची पावलं मी गावातल्या बेकरीवालीला दिली. तेव्हापासून प्रघातच पडला. जो स्टुडिओ सोडून जाईल, त्याची पावलं त्याच्या शेवटच्या दिवसांत घ्यायची आणि गावातल्या कोणाला तरी द्यायची. फक्त जाणाऱ्याचीच घ्यायची. राहणाऱ्याची नाही.

त्याची एक पद्धत होती. आवाजाच्या खोलीला दोन दारं, मध्ये एक माणूस मावेल एवढी कोंदट जागा. जाणाऱ्याने तिथल्या पायपुसण्यावर बूट झटकून उभं राहायचं, कारण वाळूचा एक कण आत आला तरी रेकॉर्डिंगमध्ये दगड फोडल्यासारखा वाजतो. मग मी माईकमध्ये सांगायचे, कोण आहे आणि शेवटचा दिवस कोणता. आणि म्हणायचे, "या." त्याने आतलं दार ढकलून लाकडी फळीवरून भिंतीपर्यंत आठ पावलं चालायचं. खोली इतकी अरुंद, की फळीशेजारच्या स्टुलावर कोणी बसलं असेल तर त्याला गुडघे बाजूला घ्यावे लागायचे.

गावाच्या टोकावर एक घड्याळवाला होता. खिडकीत उभा, रस्त्याकडे बघत. तो कधी खाली आला नाही, कारण त्याला पावलं नव्हती आणि आमच्या गावात पावलांशिवाय कोणी हलू शकत नसे. खेळणारे सतत विचारायचे, हा खाली कधी येणार? दादांनी तो स्वतःसाठी काढून घेतला होता. "मी निघेन तेव्हा चालेल," असं म्हणायचे.

आठ महिन्यांपूर्वी एका बुधवारी, दुपारच्या चहानंतर, मधल्या जागेत बूट झटकल्याचा आवाज आला. दोनदा चवडा, मग एकदा टाच, सलाम ठोकल्यासारखी. धुळीवरून मी दादांना पहिल्या वर्षी रागावले होते, त्याचा ते असा सूड उगवायचे. आत आले, फळीच्या टोकाशी उभे राहिले.

"माझीपण घेऊन टाक की."

"कुठे निघालात? उगाच काहीतरी. जाणाऱ्यांचीच घेतात इथे."

"बरं," ते म्हणाले. मग आले तसे गेले.

पुढच्या मंगळवारी ते टेबलावर डोकं टेकून बसलेले सापडले. चहावर साय धरली होती.

त्यानंतर आमच्यापैकी कोणी तो शब्द उच्चारला नाही. आम्ही 'त्या मंगळवारी' म्हणायचो, 'दादा असते तर' म्हणायचो. त्यांच्या टेबलाखाली त्यांचे ऑफिसात घालायचे बूट होते, ते झाडूवाल्या मावशीसुद्धा उचलून खालून पुसायच्या आणि परत तिथेच, तसेच ठेवायच्या.

तर, तीस जणांची पावलं एका आठवड्यात. शुक्रवारी पाचला गावाची शेवटची आवृत्ती बाहेर जाणार आणि त्यानंतर तिथे कोणाला काही बदलता येणार नव्हतं. जो राहिला तो राहिला.

सोमवारी पहिली आमची चित्रकार. गावातलं प्रत्येक घर तिने रंगवलेलं. ती आठ पावलं चालली, भिंतीला हात लावला, आणि डोळे पुसत म्हणाली, "झालं? एवढंच?" मी रेकॉर्डिंग ऐकून पाहिलं. तिची आठ पावलं. मग शांतता. मग, खूप लांब, आणखी कोणीतरी चालल्यासारखं.

"ऐक गं," मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवले.

तिने ऐकलं. हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले. "लिफ्ट असेल."

"आपल्याकडे लिफ्ट नाहीये."

"शेजारची असेल मग," ती म्हणाली आणि पर्स न घेताच निघून गेली.

मंगळवारी सात जणांची घेतली. प्रत्येकाच्या शेवटी ते होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं जवळ. मी शहाण्या बाईसारखं सगळं तपासलं. तारा बदलल्या, माईक बदलला, खोली रिकामी ठेवून तासभर रेकॉर्डिंग केलं. रिकाम्या खोलीत काही नव्हतं. कोणाची तरी पावलं घेतली, की त्यांच्या मागून ती येत. तीन-चार पावलं, मग थांबणं. पुन्हा दोन, पुन्हा थांबणं. चालता चालता विचार करणाऱ्या माणसासारखी.

बुधवारी शंकासुर दारात येऊन उभा राहिला. त्याचं काम गेम तपासण्याचं. अकरा वर्षं तो गावातल्या भिंतींवर डोकं आपटून बघत होता, की भिंत खरंच अडवते का. कशावरही विश्वास नाही, म्हणून हे नाव.

"ताई, घड्याळवाल्याला कोणी हात लावलाय?"

"कोण लावेल?"

"तो खिडकीत नाहीये."

"मग कुठेय?"

"जिन्यात." त्याने घसा खाकरला. "खालून तिसऱ्या पायरीवर. तोंड दाराकडे."

"पावलांशिवाय हलत नाहीत ना ते?"

"नाही हलत," शंकासुर म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. त्याने ही चूक नोंदवून ठेवली का, हे मी विचारलं नाही, आणि त्याने माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काय येतंय ते विचारलं नाही. पण गुरुवारी माझ्या लक्षात आलं, की पावलं द्यायला येणारा प्रत्येक जण मधल्या जागेत अंग चोरून, एका कडेला उभा राहतोय. शेजारी कोणी असल्यासारखा.

शुक्रवारी सकाळी नव्या मालकाचा माणूस किल्ल्या घ्यायला आला. गोरागोमटा, सभ्य, हातात यादी. तो खोल्या मोजत फिरत होता आणि प्रत्येकाला 'सॉरी' म्हणत होता. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं.

साडेतीनला शंकासुर शेवटचा चालला. मुद्दाम शेवटी राहिला होता. आठ पावलं, भिंत, शांतता.

आणि मग मधल्या जागेतून, अगदी दाराशी, दोनदा चवडा. एकदा टाच.

या वेळी ते रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. आत्ता, हेडफोनमध्ये होतं.

शंकासुराच्या कानांवर हेडफोन नव्हते. तरी तो दाराकडेच बघत होता. मी उठून दार उघडलं. पायपुसणं. भिंत. कोणी नाही.

"मी खोकी बघतो," तो म्हणाला. जाताना त्यानेही अंग चोरलं.

चारच्या सुमारास वहिनी आल्या. दादांचं सामान न्यायला. चहाचा मग, कोट, चष्म्याचं घर, आणि ते बूट. बूट त्यांनी स्वतः टेबलाखालून काढले, कापडी पिशवीत ठेवले आणि पिशवी पोटाशी धरून माझ्या खोलीत आल्या.

"बसू का जरा?"

मी स्टूल दिलं. फळीशेजारी त्या अवघडून बसल्या.

"एक मागायचं होतं. नाही म्हणू नका," त्या म्हणाल्या. "त्यांची पावलं तेवढी एकदा ऐकवता का? घरात फार शांत असतं हो."

"त्यांची पावलं?"

"त्या मंगळवारच्या आधीच्या बुधवारी घरी आले तेव्हा सांगितलं ना मला. म्हणाले, आज पावलं देऊन आलो. एकदम मोकळे दिसत होते."

आठ महिने मी ज्यापासून पळत होते ते पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसलं होतं.

"घेतली नाहीत मी, वहिनी. ते आले होते. मीच नको म्हटलं. वाटलं, घेतली तर..."

त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पिशवीच्या बंदाला गाठ मारत राहिल्या.

"मग त्यांचं द्यायचं अजून राहिलंच आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर मालकाच्या माणसाने दारावर हळूच टकटक केलं. "मॅडम, सॉरी, पाऊण तास आहे." मग तो गेला. बाहेरचं दार लागलं.

माझे हेडफोन गळ्यात होते. त्यातून, बारीक, दोनदा चवडा. एकदा टाच.

वहिनींनी मान वर केली. "दारात कोणी आहे का?"

त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून बुटांची टोकं बाहेर आली होती.

तेवढ्यात शंकासुराचा निरोप माझ्या पडद्यावर आला. एकच ओळ. *घड्याळवाला आता दाराशी आहे. दार बंद आहे.*

मला तेव्हा कळलं, की कोणी आत घुसत नव्हतं. पद्धत मोडत नव्हतं. ते रांगेत उभे होते. आमच्यातला एकेक जण पुढे गेला तसे एकेक पाऊल पुढे सरकत आले होते, आणि आता त्यांचा नंबर होता. फक्त माझं सांगायचं राहिलं होतं.

मी हेडफोन कानांवर घेतले. लाल बटण दाबलं. माईक ओढला.

"दादा," मी म्हटलं.

बाहेर काही हललं नाही.

"शेवटचा दिवस," मी म्हटलं, आणि तिथेच अडकले. तारीख सांगायची असते. ती तारीख माझ्या तोंडातून कधी निघाली नव्हती. कोणाच्याच नाही.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी थोडी मान हलवली.

"शेवटचा दिवस, तो मंगळवार," मी म्हटलं. आवाजाची पातळी दाखवणारा काटा माझ्याच श्वासाने थरथरत होता. "दादा, तुम्ही वारलात. आठ महिने झाले. आणि आज हेही बंद झालं."

मग पद्धतीप्रमाणे मी म्हटलं, "या."

दार हललेलं मी पाहिलं नाही, मी काट्याकडे बघत होते. पण वहिनींनी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि गुडघे बाजूला घेतले, वाट द्यायला.