अर्ध्या इंजेक्शनची साक्ष

वॉर्डातले दिवे मंद झाले की म्हातारे ब्रदर नव्या नर्सेसना ही हकिकत सांगत. उभा जन्म रात्रपाळीत गेलेला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. माझ्याच वॉर्डात घडलंय, म्हणायचे, आणि जिच्या बाबतीत घडलं ती अजून नोकरीत आहे.

तिला सगळे धाकटी म्हणत. शनिवारची रात्र, अडीचचा सुमार. पेशंटला मॉर्फिनचं अर्धं इंजेक्शन देऊन धाकटी उरलेलं ओतायला मागच्या बेसिनच्या खोलीत निघाली. नियम असा, की ओतताना दुसऱ्या नर्सनं शेजारी उभं राहून पाहायचं. पण थोरल्या सिस्टरचे गुडघे धरलेले. त्या टेबलामागच्या लोखंडी खुर्चीतूनच "पाहिलं गं" म्हणायच्या.

दोन महिने उरलेलं बेसिनमध्ये जातच नव्हतं. ते धाकटीच्याच दंडात जायचं, आधी पाठदुखीसाठी, मग झोपेसाठी, मग नुसतंच. ऐन उन्हाळ्यात धाकटीच्या अंगात स्वेटर. सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी मागायची, तासन्तास बाथरूममध्ये असायची. पोरगी कामसू आहे, म्हणायचे सगळे. बर्फाच्या कारखान्यातही काम धरलंस का, म्हणून थोरल्या हसायच्या. बाही वर कर, असं एकही जण म्हणाला नाही. त्याच बेसिनच्या खोलीत तीन वर्षांपूर्वी एक सिस्टर सकाळी फरशीवर मेलेली सापडली होती. तिचंही असंच कौतुक व्हायचं.

त्या शनिवारी फरशी नुकतीच पुसलेली होती. धाकटीनं बाही सारली. सवयीनं हाक दिली, "ओततेय हं."



उत्तर आलं. अगदी कानाशी.

"पाहतेय."

बेसिनवरच्या आरशात ती एकटीच...

सुई दंडाला टेकलेली. हात हलेना.

"माझ्या वेळी कुणी उठलं नाही गं... ओत."

तिनं ओतलं. थेंब न् थेंब. नळ सोडला. मग वळली.

दारात लोखंडी खुर्ची. खुर्चीत थोरल्या. तोंड बेसिनकडे. गाढ झोपेत.

हलवल्यावर त्या दचकून उठल्या. मला इथं कुणी आणलं, विचारू लागल्या. धाकटीची बाही तशीच वर होती. थोरल्यांनी पाहिलं. पहिल्यांदा. रात्रीच मेट्रनना फोन गेला, उपचार सुरू झाले, आणि सहा महिन्यांनी पोरगी परत उभी राहिली.

"झोपेत चालत आल्या असतील ना, ब्रदर?" ऐकणाऱ्यांतली एक म्हणाली.



ब्रदर म्हणाले, की थोरल्यांच्या चपला टेबलाखालीच होत्या. आणि ओल्या फरशीवर पावलं फक्त धाकटीची. खुर्चीचा साधा ओरखडाही नव्हता.