नऊ नंबर म्यूटवर आहे

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. ध्वनी हा माझा विषय. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही.

म्हणून आधीच सांगते... यातलं जे मोजलं, त्याच्या फाइल्स माझ्या लॅपटॉपवर आहेत. जे मोजता आलं नाही ते जसं घडलं तसं लिहितेय. कंपनीचं नाव देणार नाही. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही.

तारीख ११ फेब्रुवारी २०२४. वार रविवार. जागा, बंगळुरूचं पीण्या औद्योगिक क्षेत्र.

रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी मीटिंग रूममध्ये आवाजाची यंत्रणा बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. माइक, स्पीकर, दुसऱ्या शहरातल्या माणसाशी बोलायची सोय, असं सगळं. हे काम रविवारी करावं लागतं, कारण रविवारी ऑफिस रिकामं असतं. मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर ती खोली होती. माइक, वायरिंग, सगळं आदल्या आठवड्यात झालं होतं. उरली होती शेवटची चाचणी. आणि ती मी पहिल्यांदाच एकटी करणार होते.

माझा प्रोबेशनचा काळ त्याच महिन्यात संपत होता. सोमवारी दहाला त्यांची साप्ताहिक मीटिंग नव्या यंत्रणेवर होणार होती. रविवारी संध्याकाळपर्यंत चाचणीचा रिपोर्ट गेला, तर मी कायम. नाही गेला, तर कराडला परत. बाबांनी बी.एड.चा फॉर्म आणूनच ठेवला होता.

मी जे. पी. नगरला पीजीत राहते. तेव्हा बंगळुरूत येऊन पाच महिने झाले होते. कामावर हिंदी, दुकानात मोडकं कन्नड. मराठी बोलायला एकच माणूस होता, आमचे सीनियर टेक्निशियन संताजी अण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड असतं.

चाचणीची आमची पद्धत साधी आहे. छतात एक चौकोनी माइक असतो. तो प्रत्येक खुर्चीकडे वेगळा कान देतो. लॅपटॉपवर खोलीचा नकाशा दिसतो, आणि जिथून आवाज येईल तिथे एक हिरवा ठिपका उमटतो. मी एकेका खुर्चीत बसायचं आणि विचारायचं, "आवाज येतोय का?" अण्णा बसवनगुडीच्या आमच्या ऑफिसात कॉलवर असणार. त्यांनी म्हणायचं, "येतोय." मग पुढची खुर्ची.

खुर्च्या बारा होत्या.

"काय गं अक्का, जेवलीस का?" अण्णांनी कॉल लागताच विचारलं.

"डबा आणलाय. आधी काम."

"सरी, सरी. पण स्वल्प प्रेमानं विचार हां. तुम्ही कराडची माणसं आवाज येतोय का विचारता ते भांडायला आल्यासारखं वाटतंय."

मी हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

एक नंबर. "आवाज येतोय का?" "येतोय."

दोन नंबर. "येतोय."

आठपर्यंत सगळं सुरळीत झालं. ठिपका बरोबर माझ्यासोबत सरकत होता.

नऊ नंबरची खुर्ची कोपऱ्यात होती, खांबाला लागून. मी बसले.

"आवाज येतोय का?"

"येतोय."

मी वहीत टिक केली.

"येतोय की गं. किती वेळा विचारशील?" अण्णा म्हणाले.

"मी एकदाच विचारलं."

"दोनदा. दुसऱ्यांदा घसा बसल्यासारखा. पाणी पी."

मी बाटलीतलं पाणी प्यायले.

खोलीत प्रतिध्वनी असेल, असं मला वाटलं. कोपरा, काँक्रीटचा खांब... शक्य आहे. पण प्रतिध्वनीचा घसा बसत नाही.

दहा, अकरा, बारा झाल्या. मग प्रत्येक खुर्चीजवळची शांतता मोजायची होती. कोणी बोलत नसताना तिथे किती आवाज आहे, ते. मी दाराशी जाऊन उभी राहिले, श्वास रोखून.

अकरा खुर्च्यांपाशी एकोणतीस डेसिबल.

नऊपाशी... एक्केचाळीस.

मी एसी बंद केला. एक्केचाळीस. दिवे बंद केले. एक्केचाळीस. प्रोजेक्टरचा प्लगच काढला. रविवार असल्यामुळे खालची सगळी मशिनं बंदच होती.

मग हेडफोन लावून फक्त नऊ नंबर ऐकला.

एक बारीक घरघर होती. एकसारखी. आणि दर साडेचार सेकंदांनी...

फुस्स.

हवा सोडल्यासारखं. मी घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. साडेचार सेकंद, दरवेळी.

मी हेडफोन काढून त्या खुर्चीजवळ गेले. खांबाला कान लावला. खुर्चीवर वाकले.

काहीच नव्हतं. नुसती शांतता.

पुन्हा हेडफोन. घरघर. फुस्स.

लॅपटॉपवर हिरवा ठिपका नऊ नंबरवर होता. खोलीत मी एकटी होते, आणि मी दाराशी होते.

"अण्णा, नऊ नंबर पास होत नाहीये," मी सांगितलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कोपऱ्यातला? तिथे कोण बसतंय गं? प्लॅनमध्ये पण ती जास्तीची खुर्ची आहे. म्यूट करून टाक. पुढच्या महिन्यात बघू."

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"बाकीच्यांचं आलंय तेच लिही. तुला कायम व्हायचंय की नाही?"

घड्याळात सव्वापाच झाले होते.

मी नऊ नंबर म्यूट केला. घरघर थांबली. रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे लिहिलं, एकोणतीस. तो आकडा मी मोजलेला नव्हता. आयुष्यातला माझा पहिला खोटा आकडा.

रिपोर्ट पाठवून खाली आले. गेटवर वॉचमन रघुपती चहा घेत होते. साठीचे. त्यांनी मलाही कप दिला. बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत लिहिते.

"कुठल्या तुम्ही, मॅडम?"

"महाराष्ट्र."

"आमचे बिंदुमाधव सर पण तिकडचेच. सरकारी कंपनीतून रिटायर होऊन इथे सल्लागार म्हणून आले होते. त्या वरच्या खोलीत खांबाजवळ बसायचे. नेहमी तिथेच."

मी कप खाली ठेवला.

"आता कुठे असतात?"



"कोरोनात गेले. दुसऱ्या लाटेत. बायको आधीच गेलेली, मुलगा परदेशात. घरी एकटेच. आजारी होते तरी सोमवारची मीटिंग चुकवायचे नाहीत, फोनवरून यायचे. पण त्यांच्याकडे ऑक्सिजनची मशीन होती ना... तिचा आवाज सगळ्यांना त्रास द्यायचा. मग इथून त्यांना म्यूट करून ठेवायचे. कायमच."

"मग?"

"त्या सोमवारी मीटिंग चालू असतानाच गेले, म्हणतात. दीड तास फोन चालू होता. काही बोलले असतील, हाक मारली असेल... कोणाला ऐकू येणार? मीटिंग संपली, कॉल बंद झाला. गुरुवारपर्यंत कोणाचं लक्ष गेलं नाही. मग ऑफिसनं मला घरी पाठवलं. कुलूपवाला घेऊन गेलो."

त्यांनी कपातला उरलेला चहा मातीत ओतला.

"मशीन अजून चालूच होती, मॅडम. घर्र... घर्र... आणि मधूनच फुस्स."

त्यांनी तो आवाज तोंडाने काढून दाखवला.

मी मनात मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

लॅपटॉप वरच राहिला होता. रघुपतींना सोबत या म्हणायची मला लाज वाटली. एकटीच गेले. जिन्यात खिडक्यांतून तिरकं ऊन येत होतं.

खोलीत सगळं होतं तसंच होतं. लॅपटॉपचा पडदा उजळलेला होता. हिरवा ठिपका नऊवर, आणि खाली लाल अक्षरांत एक सूचना. आमच्या यंत्रणेत ही सोय असते. म्यूटवर असताना माणूस बोलत राहिला, तर ती आठवण करून देते.

नऊ नंबर म्यूटवर आहे. बोलणं चालू आहे.

म्यूट काढायला एक क्लिक पुरेसं होतं. माझं बोट तिथवर गेलं.

मी लॅपटॉप मिटला आणि निघाले.

सोमवारची मीटिंग छान झाली. ग्राहक खूश. महिन्याअखेर मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आईनं फोनवर पेढे वाटल्याचं सांगितलं. अण्णांनी व्ही. व्ही. पुरमला नेऊन डोसा खाऊ घातला.

पण त्या यंत्रणेची नोंद दर रविवारी रात्री मला ईमेलने येते. देखभाल माझ्याकडे आहे. त्यात ती ओळ असायची.

१८ फेब्रुवारी. खोली रिकामी. नऊ नंबर, म्यूटवर बोलणं, बारा मिनिटं.

२५ फेब्रुवारी. एकोणतीस मिनिटं.

३ मार्च. सत्तावन्न मिनिटं.

मी अण्णांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. या वेळी थट्टा केली नाही.

"सेन्सर खराब असेल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारलं ते तू नव्हतीस ना?"

"नाही, अण्णा."

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

२४ मार्च. नव्वद मिनिटं. बरोबर दीड तास.

३१ मार्चचा रविवार. लाँग वीकेंड होता. पीजीतल्या सगळ्या मुली घरी गेल्या होत्या. माझ्या खोलीतल्या उरलेल्या दोन्ही गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. स्वयंपाकघरही बंद. सकाळपासून मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. बोलण्यासारखं कोणी नव्हतंच.

दुपारी दोन वाजता मी लॅपटॉप उघडला. घरबसल्या त्या यंत्रणेत जाता येतं, खोलीतल्या माणसाशी बोलताही येतं. पीण्यातल्या त्या खोलीचा नकाशा समोर आला.

ठिपका नऊवर होता.

मी हेडफोन लावले. आणि म्यूट काढला.

घरघर.

फुस्स.

साडेचार सेकंद. फुस्स.

मग... घसा बसलेला, म्हाताऱ्या माणसाचा, अगदी हळू आवाज.

"आवाज येतोय का?"

 या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं हे मला माहीत होतं. तेच तर माझं काम.

"येतोय, काका. बोला."

फुस्स.

फुस्स.

"बाकीचे कुठे आहेत?"

"मीटिंग संपली, काका."

"कधी?"

तीन वर्षं झाली, हे मला सांगवेना.

"बराच वेळ झाला."

घरघर चालू राहिली. मी फुस्स मोजत होते. चार. पाच. सहा. मला वाटलं, आता काही येणार नाही.

मग तो आवाज पुन्हा आला. त्यात राग नव्हता. काळजी होती. घरातलं माणूस विचारतं तशी.

"मग तुम्ही एकट्याच का थांबलात?"



मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात घरघर थांबली. एकदम. ठिपका विझला. नऊ नंबरपुढचा आकडा खाली खाली गेला आणि स्थिर झाला.

एकोणतीस.

त्या कॉलचं रेकॉर्डिंग मी केलं होतं. अण्णांनाही ऐकवलं. त्यात घरघर आहे. साडेचार सेकंदांचं अंतरही आहे. माझा आवाज आहे, "येतोय, काका. बोला." पण त्यांचे शब्द नाहीत. एकही नाही. एका रिकाम्या खोलीशी बोलणारी मी, एवढंच ऐकू येतं.

त्यानंतर नऊ नंबरची नोंद आली नाही. म्यूट मी पुन्हा लावलेला नाही. रिपोर्टातला तो आकडा आता खरा आहे.

तरीही रविवार आला, पीजी रिकामं झालं, की मला अस्वस्थ व्हायला होतं. दुपारी दोनच्या सुमाराला मी पंखा बंद करते आणि खोलीत गप्प बसून ऐकते.

घरघर ऐकू येईल म्हणून नाही.

तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर... या वेळी तरी उत्तर द्यायला हवं म्हणून.